साडेसाती, देवचार आणि मानशीचं दार

तुमचा प्रश्न असा: दोन वर्षांत दुकान बसलं. समोरचा रस्ता आठ महिने खणून ठेवलेला, त्यात उधारीही बरीच अडकलेली. घरचे म्हणतात साडेसाती आहे, शांत करून घे. नशिबाला दोष द्यायचा की स्वतःला?

साडेसातीचा हिशेब आधी उरकतो. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो आणि साडेसाती एका वेळी तीन राशींना असते. बारांतल्या तीन. म्हणजे फोंड्याच्या बाजारात शंभर दुकानदार धरले तर पंचवीसेक जण या घडीला साडेसातीतच बसून गल्ला मोजताहेत. शांत करायची तर करा, आईचं मन राहील. दुकान का बसलं ते मात्र त्यातून कळायचं नाही.

मी हे शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझंच दार उघडं राहिलं होतं, अगदी शब्दशः.

मी झुआरीकाठचा. आमची थोडी खाजन शेती आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची जमीन, मातीचे बांध घालून पूर्वजांनी खाडीकडून मिळवलेली. बांधात एक मानस असते, लाकडी दारांची. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरजच नाही. पण मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो, आणि लिलाव घेणाऱ्याला सुंगटं, म्हणजे कोळंबी, हवी असतात. रात्रीच्या भरतीला दारात दांडा अडकवला की खारं पाणी आत आणि त्याबरोबर सुंगटंही आत. ओहोटीला जाळं लावायचं.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल कुळांच्या संघटनांकडे आली. १९७५ च्या नियमांच्या तर नावातच ‘संयुक्त जबाबदारी’ आहे. संयुक्त म्हटलं की काय होतं ते कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको. तरी आमच्याकडे काम वाटून दिलेलं होतं, आणि मानस बघायचं काम त्या वर्षी माझं होतं.

एका पहाटे तो दांडा मी डोळ्यांनी पाहिला. दाराच्या फटीत नीट बसवलेला, शेवाळ धरलेला. एका रात्रीत शेवाळ धरत नाही. त्याच आठवड्यात लिलाववाल्याच्या मुलाने आमच्या घरी पिशवी आणून दिली होती, दीड किलो सुंगटं आणि वर दोन शेवटे मासे. बायकोने हुमण, म्हणजे माशांची आमटी, केलं, मी दोनदा भात घेतला. दांड्याबद्दल कुठे बोललो नाही. पिशव्या येत राहिल्या. बांधाला कुर्ल्यांची बिळं पडली होती, ती पावसाआधी चिकण मातीने बुजवायची असतात. तेही मी ‘बघू’ म्हणून ठेवलं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, पुनवेच्या उधाणाला, मानशीलगतचा बांध गेला. आतबाहेर करणाऱ्या झोताने मुळाची माती आधीच सुटलेली होती. कोरगुट या आमच्या खाजनातल्या भाताची कणसं भरत आली होती. सकाळी शेतात पाणी आणि त्यावर आडवी पडलेली रोपं, एवढंच दिसत होतं. कोरगुट खारेपणा सोसतो, पण किती सोसणार? मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढची दोन वर्षं आम्ही धड भात घेतलं नाही.

गावात लगेच ठरलं, देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, कोपला. बांधाची राखण तोच करतो, त्याचा रोट, म्हणजे भाकरीचा नैवेद्य, चुकला असणार. मी तर सर्वांत आधी मान डोलावली. केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं म्हणून सांगू!

देवळात कौल घ्यायला गेलो. भट मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, त्यावर उत्तर. काका म्हणाला, “देवचाराचो राग आसा काय विचार.” भटाने पाकळी भिजवली, हात तसाच ठेवला आणि मागे वळून म्हणाला, “विचारतां. पूण मानस कोण पळयतालो?” म्हणजे, मानस बघायचं काम कोणाचं होतं?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाकळी कुठल्या बाजूची पडली, मला आजही आठवत नाही. दांड्याचं मी तिथेच, चौकातल्या खांबाला टेकून सांगितलं. पिशव्यांचंही. त्यानंतर महिनाभर दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि ते बरोबरच होतं.

उधाण मी आणलं नव्हतं. लिलाववाल्याचा दोष माझ्याहून मोठा होता, तो त्याने भरला. तुमच्या दुकानासमोरचा खड्डाही तुम्ही खणला नाही, तो विनाकारण स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. सगळ्याला मीच जबाबदार म्हणत रडत बसणारे लोकही मी पाहिलेत, तेही शेवटी काही करत नाहीत. पण उधारीचं एकच वाक्य तुम्ही प्रश्नात घाईघाईने टाकून पुढे गेलात. मी दांड्यावरून असाच पुढे गेलो होतो. ती वही काढा. कोणाला, कधी, किती, आणि त्या दिवशी ‘नाही’ का म्हणवलं नाही, हे समोर लिहा. निम्म्या नावांपुढे तुम्हाला लाज वाटेल. तिथून सुरुवात करा.

काका अजून देवचाराला रोट, सुरो म्हणजे दारू, आणि विडी ठेवतो. मी बॅटरी धरून बरोबर जातो. परतताना मानशीपाशी थांबून दाराच्या फटीत हात फिरवतो. काका पुढे अंधारात उभा राहून वैतागतो, जेवण निवतंय म्हणून.