वडिलांनी सही केली म्हणून कूळहक्क गेला असं नाही

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकाने विचारलंय, आणि पेडणे-सत्तरीतूनही हेच येत असतं: एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे, वडिलांनी नव्वदच्या दशकात भाटकाराकडून म्हणजे जमीनमालकाकडून थोडे पैसे घेऊन स्टँप पेपरवर 'जमीन सोडली' असं लिहून दिलं, त्यावर आईची सही नव्हती, आता भाटकाराच्या मुलांनी शेत विकलं आणि म्युटेशनची, म्हणजे उताऱ्यावरची नोंद बदलायची नोटीस आलीय, तर कूळहक्क गेला का?

कूळ म्हणजे काय ते सांगत बसत नाही. मला एकच सांगा, तो कागद मामलेदारासमोर गेला होता का? १९६४ च्या कूळ कायद्याचं कलम १० वाचा. हक्क सोडायचा तर कुळाने लेखी द्यायचं, मामलेदारासमोर स्वतः कबूल करायचं आणि मामलेदाराने ते मंजूर करायचं. नोटरीचा शिक्का म्हणजे मंजुरी नव्हे. त्यात पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कुळाला खरेदीदारच मानलंय, कलम १८अ, मग त्यानंतर वडिलांनी सोडलं काय आणि भाटकाराच्या मुलांनी विकलं काय, हा मुद्दा नोटिशीवरच्या हरकतीत सगळ्यात वर घ्या.

पण एवढी वर्षं घरात कोणालाच जमिनीची किंमत ठरवून खरेदीची सनद घ्यावीशी वाटली नाही? आजोबा गेल्यावर वारसांची नावंसुद्धा लावली नाहीत. खंडाच्या पावत्या तरी शोधा.

नोटिशीवरची तारीख मात्र चुकवू नका. तलाठ्याच्या कानावर घातलं म्हणजे हरकत होत नाही, लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आज कुळाच्या रकान्यातली नोंद खरी धरली जाते ती तुमच्या बाजूने, जमीन महसूल संहितेचं कलम १०५, ती एकदा पुसली की शाबीत करायचं ओझं तुमच्या डोक्यावर.

दिवाणी कोर्टात धावू नका. २०१४ ला कुळांच्या केसेस तिकडे पाठवल्या, २०१७ ला परत मामलेदाराकडे आणल्या, फायली फिरत राहिल्या आणि माणसं म्हातारी झाली.

बाकी कागद बघितल्याशिवाय बोलत नाही. आज शेत कोण करतो, पडीक आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. आईची सही नव्हती म्हणता, आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असल्याने तोही मुद्दा काढता येईल, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आणि शेवटी जे विचारलंय, नंतर प्लॉट पाडून विकले तर चालतील का, तर नाही, १९९१ च्या कायद्याने कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय कशालाच वापरता येत नाही.