पगाराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

वैमानिक व्हायचं ठरवून तू पाठवलेला पगारांचा तक्ता काल रात्री नीट बसून वाचला. भारतातल्या विमान कंपन्या, आखातातल्या, अमेरिकेतल्या. वरच्या ओळीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, खालच्या ओळीत कॅप्टन. शेवटच्या रकान्यात वार्षिक पगार आणि सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती लाल गोल. मेहनत दिसते. पण त्या तक्त्यावरून तू महिन्यातल्या किती रात्री घरी झोपशील, ते मला कळलं नाही. तीस वर्षं उडाल्यावर मी कुठल्याही नोकरीबद्दल हा प्रश्न पहिला विचारतो, म्हणून तुझ्या फोनला तिथल्या तिथे उत्तर न देता पत्र लिहायला बसलो.

आधी आकडेच घेऊ, कारण तुझ्या बाबांच्या मनात तेच आहेत. आपल्याकडे आज ए-३२० या जेट विमानावर नवीन लागलेल्या फर्स्ट ऑफिसरला महिना साधारण दीड-दोन लाखांपासून सुरुवात होते. कॅप्टन झाल्यावर तोच आकडा पाच ते आठ लाखांच्या घरात जातो. वर्षाला पंचाहत्तर लाख धर. नव्या कररचनेत त्यातले साडेवीस लाखांच्या आसपास करात जातात. दुबईत वैयक्तिक प्राप्तिकर नाही, म्हणून तिथला आकडा तुला एवढा मोठा दिसला. अमेरिकेतला तर त्याहून मोठा: तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये विमान कंपन्यांतल्या वैमानिकांचा मधला पगार वर्षाला २,२६,६०० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त. मात्र तिथे काम करायचा कायमस्वरूपी हक्क नसेल तर ती ओळ आपल्यासाठी नाही. ती खोडून टाक.

आता हा पगार ठरतो कसा ते समजून घे. वैमानिकाचे पैसे बव्हंशी ब्लॉक टाइमवर चालतात. विमान स्टँडवरून हललं की घड्याळ सुरू, पुढच्या स्टँडवर थांबलं की बंद. मुंबई–नागपूर–मुंबई–गोवा–मुंबई असे चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, केली, तर ब्लॉक भरतो साडेपाच तास. पण उड्डाणाच्या तासभर आधी रिपोर्टिंग, मध्ये तीन वेळा प्रवासी उतरणं-चढणं, इंधन, हवामानाचे कागद, शेवटी कागदपत्रं पुरी करणं. ड्युटी सव्वानऊ तासांची होते. माझं घर पुण्यात आणि बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, मुंबई. पहाटे सहाचं उड्डाण असलं की मी रात्री एकच्या आत कोथरूडमधून निघायचो. खंडाळ्याचा घाट अंधारात उतरताना मागच्या सीटवर डोळे मिटून पडायचं, झोप येत नाही हे माहीत असताना. जाऊन-येऊन सात तास ते. सोळा तास घराबाहेर, आणि लॉगबुकात साडेपाच.

हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. सांगितला असता तर मी पुण्याचं घर भाड्याने दिलं असतं आणि अंधेरीत दोन खोल्यांत संसार केला असता. मुलं लहान होती तेव्हाची सात वर्षं मी एक्स्प्रेसवेवर घालवली. त्या वर्षांतला माझा पगार तुझ्या तक्त्यात बसवलास तर चांगला दिसेल.

तेव्हा तुझ्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्याला दोन गोष्टी विचार. पहिली, हमीचे तास किती? कंपनी करारात महिन्याला ठरावीक तासांची हमी देते, तेवढे पैसे उडालीस किंवा नाही तरी मिळतात. त्यावरच्या तासांचा दर वेगळा. बोलताना सगळे ओव्हरटाइम धरून फुगलेला आकडा सांगतात. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीत याच मुद्द्यावरून भडका उडाला होता. एअर इंडियात विलीन होण्याच्या तयारीत आलेल्या नव्या करारात हमीचे तास ७० वरून ४० वर आले, वैमानिक मोठ्या संख्येने आजारपणाची रजा टाकू लागले आणि काही दिवसांतच शंभराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, लाखोंनी कमावणारे लोक कशाला रडतात. घराचा हप्ता ७० तासांवर बांधून ठेवलेल्या माणसाला ४० तासांचा कागद पुढे आल्यावर काय वाटतं, ते त्याच्या जागी बसूनच कळतं.

दुसरी, विमान जमिनीवर राहिलं किंवा तू राहिलीस तर हातात किती येतं? मला पंचेचाळिसाव्या वर्षी मूतखडा झाला. इतरांसाठी तो आठवड्याचा आजार. आमचं मेडिकल, म्हणजे उडायला तंदुरुस्त असल्याचा दाखला, थांबतं. मी तीन महिने घरी होतो. उड्डाण नाही म्हणून उड्डाणाचे भत्ते नाहीत, हाती आला तो फक्त मूळ पगार, आणि त्यावरूनही त्या वेळच्या माझ्या कंपनीशी दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. परवाना गेल्यास मिळणारा विमा मी त्यानंतर काढला. तू पहिल्या पगारात काढ. तू मुलगी आहेस, उद्या बाळंतपण येईल, तेव्हा किती महिने जमिनीवर आणि किती पगारावर, हे मुलाखतीनंतर, पण सही करण्याआधी, स्पष्ट विचार. त्यात लाजायचं काही नाही.

आता झोपेबद्दल. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे.

उड्डाणाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे: आपल्याकडे वर्षाला १००० तास, अमेरिकेतही तेवढेच, युरोपात कॅलेंडर वर्षाला ९००. कागदावर हे हलकं दिसतं. बँकेतला माणूस वर्षाला दोन हजार तास खुर्चीत बसतो. पण त्याचे तास रात्री दोनला सुरू होत नाहीत. मध्यरात्री अडीचचा पिकअप असला की जेवून नऊला आडवं व्हायचं. शेजारच्या घरात टीव्ही चालू, खाली मुलांचा क्रिकेटचा दंगा, बायको कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅसपाशी उभी. एकला गजर. असे दोन दिवस लागोपाठ झाले की तिसऱ्या पहाटे उतरताना माणूस स्वतःला मोठ्याने उंची वाचून दाखवतो, कारण डोळ्यांवर विश्वास राहत नाही. मी वाचून दाखवलेली आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघालेला एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. कारण थकवाच होता असं मी म्हणणार नाही, नियमाप्रमाणे त्याला विश्रांती मिळालेली होती. पण त्या दिवसापासून थकव्याबद्दल आमच्यातली कुजबुज उघड बोलली जाऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, नवे नियम काढले: साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायची, रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांनी हरकती घेतल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. महिनाभरात, डिसेंबरमध्ये, देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक तिने ठेवले नव्हते. मग रात्रीच्या नियमांत तिला फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. शिवाय घेतलेली रजा साप्ताहिक विश्रांतीत मोजायची नाही, असं जे कलम होतं, तेही मागे घेतलं गेलं. विमानतळांवर अडकलेल्या लोकांचे हाल मी टीव्हीवर पाहिले, त्यात माझी बहीणही होती. तिलाही हेच सांगितलं: रात्रीची ती चार जादा लँडिंग रद्द झाली ती तुझ्याचसाठी.

पगार आणि झोप यांचा संबंध किती सरळ असतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं एक छोटं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं विमान, कोसळलं, ५० माणसं गेली. को-पायलट चोवीस वर्षांची होती, वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास कमावणारी. बेसच्या गावात, न्यूअर्कजवळ, घर घेणं परवडत नव्हतं. ती सिअ‍ॅटलला आई-वडिलांकडे राहायची आणि त्या ड्युटीसाठी आदल्या रात्री मालवाहू विमानांतून अख्खा देश ओलांडून आली होती. विमान पडलं ते कॅप्टनने स्टॉलला, म्हणजे पंखांखालचा हवेचा आधार सुटण्याला, दिलेल्या चुकीच्या प्रतिसादामुळे. पण चौकशीत थकव्याचा विषय निघालाच. त्यानंतर तिथे को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट आली आणि विश्रांतीचे नियम बदलले. आज अमेरिकेतले पगार जे चढलेले दिसतात, त्यामागे ही ५० माणसंही आहेत. तुझ्या तक्त्यातल्या लाल गोलामागे.

आखाताबद्दल तू खास विचारलं होतंस. माझा एक बॅचमेट तिथे अकरा वर्षं होता. मोठं घर, मुलांची शाळा कंपनीकडून, कर नाही. दुबई–न्यूयॉर्क चौदा तासांचं उड्डाण, दोन दिवस तिथे, परत बारा-तेरा तास. मग घरी तीन दिवस, पण त्यातला दीड दिवस शरीर न्यूयॉर्कमध्येच असायचं. त्याची बायको एकदा मला म्हणाली, “भाऊजी, ते घरी असतात तेव्हा आम्ही कुजबुजत बोलतो.” पैसे त्याने भरपूर साठवले आणि त्याला पश्चात्ताप नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो. त्याच्या वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं, ते फेडायलाच तो गेला होता. ज्याला कशासाठी जायचं ते माहीत आहे त्याने जावं. तू मात्र पहिली दहा वर्षं देशात उड, हे माझं स्पष्ट मत. परक्या शहरात एकटी पडलेली पंचविशीतली मुलगी चार-चार दिवस उलट्या घड्याळावर जगते, ते मला पटत नाही.

आणि एटीआरला, म्हणजे छोट्या टर्बोप्रॉप विमानाला, तू तक्त्यात जागाच दिली नाहीस! पगार जेटपेक्षा कमी, कबूल. पण कोल्हापूर, जळगावसारखी छोटी ठिकाणं आणि छोटे सेक्टर. लँडिंगवर लँडिंग करून हात जो बसतो तो लांब पल्ल्याच्या उड्डाणात बसत नाही, आणि रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बरं असेल तर रात्री घरी. माझी सर्वांत आनंदाची दोन वर्षं टर्बोप्रॉपवरची. संध्याकाळी पश्चिमेकडे उतरताना डाव्या हाताला सह्याद्रीची रांग निळी होत जायची, आणि साडेआठला मी मुलीला शुद्धलेखन घालत असायचो.

आता बागेबद्दल. बाबा तासगावची द्राक्षबाग गहाण ठेवायला निघालेत, असं तू लिहिलंस. सत्तर लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं असं धरलं तर हप्ता महिना ९६ हजारांच्या पुढे. परवाना हातात आला की नोकरी लागते, असं नाही. मी शिकवलेल्यांत वर्षभरात लागलेली मुलं आहेत आणि चार वर्षं घरी बसून गणिताचे क्लास घेणारीही आहेत. नोकरी लागल्यावरही कंपनी बंद पडू शकते; किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३, तिन्ही वेळा माझ्या ओळखीची घरं महिनोन्‌महिने पगाराविना होती. शिवाय नोटीस पीरियड कॅप्टनला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने, म्हणजे पटलं नाही म्हणून उद्या निघता येत नाही. डोक्यावर ९६ हजारांचा हप्ता असलेली मुलगी थकलेली असताना ‘मी आज उडू शकत नाही’ असं म्हणेल का? नियमाने तिला तो हक्क आहे. माझी खरी भीती तिथे आहे, आणि म्हणून कर्ज कमीत कमी ठेवायला सांगतोय. सगळे पेपर, नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल, घरी अभ्यास करून आधी काढ. ७० टक्के लागतात, तुला जमतील. रायबरेलीजवळच्या सरकारी उड्डाण अकादमीची प्रवेश परीक्षा दे. उड्डाणं बारामती, धुळे, गोंदिया कुठेही कर, पण सगळी फी एकरकमी कुणाला देऊ नकोस, तासांप्रमाणे दे. विमानं किती उडण्याजोगी आहेत ते स्वतः हँगरमध्ये जाऊन मोज.

आणि या सगळ्याच्या आधी मेडिकल. क्लास २, लगेच क्लास १. काही हजारांत होतं. रंगांची ओळख, कान, हृदय, सगळं तिथे कळतं. तुझ्या चष्म्याचा नंबर किती आहे ते तू लिहिलं नाहीस. बाबांना सांग, क्लास १ चा कागद हातात येईपर्यंत सातबारा कपाटातून काढायचा नाही. मीही त्यांना फोन करतो, पण तुझ्या तोंडून गेलेलं बरं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी पुण्याला ये. तक्ता घेऊन ये, मी माझी लॉगबुकं काढून ठेवतो. जुन्या रोस्टरच्या प्रतीही आहेत, काकूने जपून ठेवल्यात. ज्या दिवशी मी घरी नव्हतो त्या चौकटींवर ती पेन्सिलने बारीक फुली मारायची. त्या मोजू आणि तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढवू.

तुझा,
कॅप्टन काका