दरडीखाली गाडलेली माणसं जमिनीत बघणाऱ्या रडारने लगेच का सापडत नाहीत?

मुंबईत रस्त्याखालच्या केबल-पाइप शोधायला हेच यंत्र ढकलगाडीसारखं फिरवतात. ते जमिनीत रेडिओ लहरी सोडतं. खाली पदार्थ बदलला की लहर परतते. कोरड्या वाळूत छान चालतं. आपल्याकडे दरड कोसळते भर पावसात, आणि ओली चिकणमाती लहरी गिळून टाकते. मीटर-दोन मीटरवरच चित्र धूसर. त्यात माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच, ओल्या चिखलात ते वेगळं उठून दिसणार कसं? स्क्रीनवर गाडलेली वस्तू कमानीसारखी दिसते, आणि दगडाचीही तशीच कमान उमटते. शिवाय यंत्र जमिनीला टेकवून सरळ रेषेत फिरवायचं. २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीला तर पायीच चढावं लागत होतं! अशा वेळी मी आधी कुत्र्यांवर भरवसा ठेवेन. रडार त्यांनी दाखवलेल्या जागेपुरतं.