जठराच्या अस्तराखाली १२ मिमीची गाठ : किती दिवस लक्ष ठेवायचं?

तुमच्या आईच्या जठरात अशी गाठ दिसली आहे. तिला त्रास काहीच नाही, बायोप्सीत काही निघालं नाही, तरी डॉक्टर ‘लक्ष ठेवू’ म्हणतात, म्हणून तुम्ही घाबरला आहात. बायोप्सी कोरी येणं इथे नेहमीचंच आहे. बायोप्सीचा साधा चिमटा वरचं अस्तरच खुडतो, गाठ त्याच्या खाली असते. त्यामुळे तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

खरी तपासणी एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बीण पोटात घालून आतून केलेली सोनोग्राफी. गाठ जठराच्या भिंतीच्या कोणत्या थरातून आली, हे त्यात दिसतं. चरबीची गाठ (लायपोमा) नक्की ठरली तर पुन्हा पुन्हा तपासायची गरजच नाही. स्नायूच्या थरातली असेल तर ती लायोमायोमा (स्नायूची साधी गाठ) असू शकते किंवा जिस्ट (GIST, पचनमार्गाच्या भिंतीतला एक ट्यूमर), आणि जिस्ट पुढे वाढू शकते. लक्ष ठेवायचं ते याच शंकेपोटी. निदान पक्कं नसेल तर २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शनानुसार पहिली फेरतपासणी ३ ते ६ महिन्यांनी. मग १ सेंमीपेक्षा लहान गाठ दर २-३ वर्षांनी, १ ते २ सेंमीची दर १-२ वर्षांनी. आईची दुसऱ्या गटात येते.

गाठ वाढली, कडा वेड्यावाकड्या दिसल्या, वर व्रण पडला तर नमुना घेणं किंवा काढणं यावर बोलायचं. काळी शौच किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर तारखेची वाट पाहू नका.

तुम्ही नागपुरात असाल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकार विभाग आहे. धंतोली-रामदासपेठेतही तज्ज्ञ आहेत. एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड तिथे होतं का, आधी विचारा. शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी करा आणि जुने फोटो सोबत न्या, म्हणजे मापांची तुलना नीट होते.