आइसलँड, नाताळ आणि रिंग रोड: आठ दिवसांत पूर्ण फेरीचा बेत करू नये

आपण २१ ते ३० डिसेंबरच्या मुक्कामात आई-वडील आणि नऊ वर्षांच्या मुलीसह आइसलँडचा संपूर्ण रिंग रोड, म्हणजे बेटाला वळसा घालणारा मुख्य रस्ता, गाडीने फिरण्याचा बेत लिहिला आहे आणि रोज दीड-दोनशे किलोमीटर अंतर जमण्यासारखे आहे का, असे विचारले आहे. याच दिवसांत मी तेथे दोनदा गाडी चालवली आहे. पहिल्या खेपेला माझाही बेत जवळजवळ हाच होता आणि तो तिसऱ्या दिवशी मोडला, म्हणून आग्रहाने सांगतो की पूर्ण फेरीचा विचार सोडा, दक्षिण किनारा धरा आणि २४ व २५ डिसेंबरला गाडी हलवावीच लागणार नाही अशी व्यवस्था ठेवा.

रिंग रोडची लांबी सुमारे १,३२० किलोमीटर आहे. ती येण्या-जाण्याचे दिवस सोडून उरणाऱ्या आठ दिवसांनी भागली की रोजचे १६५ किलोमीटर येतात आणि नकाशावर हे अगदी सोपे दिसते. पण त्या दिवसांत तेथे हिशेब किलोमीटरचा नसतो, उजेडाचा आणि वाऱ्याचा असतो. राजधानी रेक्याविकमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य साडेअकराच्या थोडा आधी उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. उत्तरेकडील अकुरेयरीत तर जेमतेम तीन तासांचा दिवस मिळतो. सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा तासाभराचा संधिप्रकाश बराच उपयोगी पडतो, आणि त्या वेळी बर्फावर पसरणारा गुलाबी-निळा रंग पाहण्यासाठी मी पुन्हा तेथे जाईन. तरीही धबधबा पाहणे, चालणे आणि गाडी चालवणे हे सगळे त्या पाच-सहा तासांत बसवावे लागते. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम अडीच अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून जाताना तो थेट चालकाच्या डोळ्यांवर येतो. थंडीच्या सामानात गॉगल राहून जातो, तो आठवणीने घ्या.

बर्फापेक्षा वाऱ्याची धास्ती अधिक बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घसरड्या रस्त्यावर खिळ्यांचे टायर चांगली पकड देतात. हे टायर तेथे हिवाळ्यात कायद्याने चालतात, म्हणून गाडी ठरवतानाच ते मागून घ्या. नुसते ‘विंटर टायर’ एवढ्यावर समाधान मानू नका. वाऱ्यावर मात्र असा उपाय नाही. तेथे वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात सांगतात. वीस हा आकडा लहान वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर असतो आणि झोत त्याहून जोरकस येतात. दक्षिण किनाऱ्यावरील वीक गावातील पेट्रोल पंपावर मी गाडी वाऱ्याकडे पाठ करून उभी केली आणि एका हाताने दार उघडले. वाऱ्याने ते हातातून हिसकावून पार पुढच्या पत्र्यापर्यंत उलटे वळवले. बिजागरी वाकली आणि त्यानंतर ते दार धड बंद होईना. अशा नुकसानीची भरपाई बहुतेक विम्यांत मिळत नाही, मलाही मिळाली नाही. तेव्हापासून गाडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवूनच थांबतो आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडतो. मुलीला आणि आई-वडिलांना दार स्वतः उघडू देऊ नका.

रोज सकाळी निघण्यापूर्वी वेदूर या हवामान खात्याचे इशारे आणि उम्फर्दिन या संकेतस्थळावरील रस्त्यांची स्थिती पाहावी; दोन्ही इंग्रजीतही उपलब्ध आहेत. पिवळा इशारा असेल तर बेत आखडता घ्यावा, नारिंगी असेल तर मुक्काम हलवू नये आणि लाल असेल तर बाहेरच पडू नये. १७७७ या क्रमांकावर रस्त्यांची माहिती फोनवरही मिळते. रेक्याविकमधून पूर्वेकडे निघताच लागणारा हेलिशेइदीचा चढसुद्धा वादळात बंद होतो. उत्तरेकडचा ओक्सनादाल्सहेइदी घाट आणि मिवात्न ते एगिल्सस्तादिर यांमधला उजाड पठारी भाग तर अधिकच बेभरवशाचा आहे. पूर्ण फेरीत यांपैकी एक तुकडा बंद झाला तरी परतीचे विमान चुकू शकते. दक्षिण किनाऱ्यावर आल्या वाटेने मागे फिरता येते.

माझ्या पहिल्या खेपेला २४ डिसेंबरला दक्षिणेकडील क्लॉस्टुर गावाच्या पुढचा रस्ता वादळामुळे बंद झाला. घरमालकीणबाईंनी सकाळीच बजावले होते की गावातले दुकान दुपारी बंद होईल आणि मग दोन दिवस काही मिळणार नाही, म्हणून आम्ही पाव, अंडी, स्कीर (तिकडचे घट्ट दही) आणि केळी घेऊन ठेवली. तेथे नाताळ २४ तारखेला संध्याकाळी सहा वाजता सुरू होतो. ठीक सहाला स्वयंपाकघरातल्या रेडिओवर चर्चच्या घंटा वाजू लागल्या. त्या बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले, मेणबत्ती लावली आणि आम्हा प्रत्येकाचा हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या. रस्ता २६ तारखेच्या सकाळी उघडला. देशाचा उत्तर भाग पाहायचा राहिला, पण त्या संध्याकाळचे मोल मला आजही मोठे वाटते.

आपल्या दिवसांसाठी मी असे सुचवेन. २६ च्या सकाळपर्यंत रेक्याविकमध्ये स्वयंपाकघर असलेले घर घ्या. २२ ला थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यान, गेसिरचे गरम पाण्याचे झरे आणि गुल्फॉस धबधबा ही फेरी करा. २३ म्हणजे थोरलाक या संताचा दिवस; त्या संध्याकाळी लॉगावेगुर रस्त्यावर दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात आणि सारे शहर शेवटच्या खरेदीला लोटते. त्या दिवशी आंबवलेला स्केट मासा खाण्याची प्रथा असल्याने काही खाणावळींतून फार उग्र वास येतो, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा. २४ व २५ चा शिधा २३ लाच भरा. २६ ला सेल्यालांडफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे पाहत वीक गाठा, २७ ला तेथून सुमारे १९० किलोमीटरवरील योकुल्सारलोनचे हिमखंडांचे सरोवर, २८ ला परत वीक, आणि २९ चा मुक्काम काहीही झाले तरी रेक्याविकमध्येच ठेवा. वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर धोक्याचे दिवे आहेत, ते पाळा. शांत वाटणाऱ्या समुद्रातून एकाएकी मोठी लाट खूप आत येते आणि तेथे माणसे दगावली आहेत. मुलीचा हात तेथे क्षणभरही सोडू नका.

पेट्रोल पंप बहुधा स्वयंसेवेचे असतात आणि नाताळातही चालतात, पण कार्डाला पिन लागतो. टाकी अर्धी झाली की भरावी. संकटात ११२ वर फोन केल्यावर धावून येणारी बचाव पथके स्वयंसेवकांची असतात आणि वर्षअखेरीच्या फटाकेविक्रीतून मोठा निधी उभा करतात. निघण्यापूर्वी त्यांच्या केंद्रावरून आपणही काही घेतलेत तर मला आनंद होईल.

मुलीसाठी एक गोष्ट राहिली. तेथील लोककथेत तेरा यूलपोरगे, म्हणजे नाताळातली खोडकर पोरे, १२ डिसेंबरपासून रोज एक याप्रमाणे डोंगरातून उतरतात आणि खिडकीत ठेवलेल्या बुटात लहानशी भेट ठेवून जातात. शेवटचा, मेणबत्त्या पळवणारा, २४ च्या पहाटे येतो. आपण २१ ला पोहोचत असाल तर तिला तीन रात्री मिळतात, तेव्हा तिचा एक बूट आणि तीन छोट्या वस्तू हातातल्या बॅगेतच ठेवा.