आधी हात हलवत जा

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

आजोबांवर फिल्म करण्याआधी त्यांच्याशी ओळख कर, असं मी म्हणालो, तर परवा जिना उतरता उतरता तू विचारलंस, "पण काका, एवढं सगळं करेपर्यंत ते आजोबाच राहिले नाहीत तर?" हा प्रश्न तुझा नाही, तेवढं मला कळतं. सनईवाल्यांचा किस्सा कुणीतरी तुला तिखटमीठ लावून सांगितलेला दिसतो. त्यावर येतो. आधी तुझ्या फिल्मचं बोलू.

तुझी दोन पानं वाचली. वडोदऱ्यातल्या खंडेराव मार्केटजवळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ विकणारे आजोबा, त्यांच्यावर दहा मिनिटांची फिल्म. विषय झकास. पण त्या दोन पानांत स्थलांतर, अस्मिता, स्मृती यांची नुसती गर्दी आणि वाटाण्याचा पत्ता नाही. वाटाणे कोण भिजवतं? कशात? किती वाजता? तुझं शूटिंग म्हणे शनिवारी सकाळी दहाला सुरू. अरे, सुके वाटाणे रात्रभर भिजतात! तू कॅमेरा लावशील तोवर अर्धी फिल्म होऊन गेलेली असेल आणि तुझ्या वाट्याला येतील गिऱ्हाइकांच्या पाठी.

म्हणून म्हणतो, आधी हात हलवत जा. कॅमेरा नको, ट्रायपॉड नको, ती चाळीस प्रश्नांची यादी तर मुळीच नको. बशी घे, पाव घे, बाकड्यावर बस. दुसऱ्या दिवशी परत जा. कधीतरी आजोबाच विचारतील, "काय रे, कॉलेज नाही का?" तिथपासून काम सुरू झालं असं समज.

तू गेल्यावर मी स्वतः तिथे जाऊन बसलो (तर्री आता सोसत नाही, तरी). आजोबा डावातला एक वाटाणा पातेल्याच्या काठावर अंगठ्याने दाबून बघतात. नीट दबला नाही, तर समोर कितीही रांग असो, बशी भरत नाहीत. सून कांदा चिरता चिरता फोनवर कान ठेवून असते. पैसे जमा झाल्याचं फोन बोलला की मान वर न करता "हां" म्हणते, आणि तो "हां" ऐकल्याशिवाय आजोबा सेव घालत नाहीत. तुझ्या चाळीस प्रश्नांत हे कुठे बसतं, सांग.

आणि हे काही नुसतं भावनेचं बोलत नाही. शेगडीचा फसफसाट असा आहे की कॅमेऱ्यावरच्या माइकला आजोबांचं एक वाक्य धड मिळणार नाही. कॉलर माइक लाव, नाहीतर शेगडी विझल्यावर बोलतं कर. डोक्यावर स्वस्तातली एलईडी ट्यूब आहे. आपली वीज ५० हर्ट्झची; शटर १/५० किंवा १/१०० वर ठेव आणि एक चाचणी शॉट घे, नाहीतर पडद्यावर पट्टे धावतील. हे तुला कुठल्या ट्युटोरियलमध्ये मिळणार होतं? त्या लारीचं ऊन, त्या लारीचा आवाज त्या लारीवरच कळतो. हात हलवत गेल्यावर.

तू वडोदऱ्यात शिकतोस, म्हणून आणखी एक. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास इथल्याच कलाभवनात शिकायला आले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं-थोडं चित्रण करत रोप वाढताना टिपलं. जेमतेम मिनिटभराची फिल्म. ती दाखवून मोठ्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. योगायोग बघ, वाटाणाच! ते कॅमेरा घेऊनच बसले होते, असं तू म्हणशील. म्हण. वाटाण्याला संकोच नसतो, आजोबांना असतो.

आता सनईवाले. मांडवीच्या बाजूला राहायचे. मी एक अख्खा पावसाळा त्यांच्याकडे हात हलवत जात राहिलो, दिवाळीनंतर शूट करायचं ठरवलं, आणि दसऱ्याच्या आत ते गेले. फिल्म झाली नाही. एक वाहिनीवाला पोरगा मात्र एका दुपारी येऊन त्यांना टिपून गेला होता. मित्र आजही लग्नाकार्यात मला ते ऐकवतात. मी ते फुटेज पाहिलंय. त्यात बुवा तोच किस्सा सांगतात, जो ते चहाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. सनईची पत्ती तोंडात भिजवताना ते डोळे मिटून मनातल्या मनात कुणाशी तरी भांडायचे, भुवया हलायच्या. ते त्या फुटेजमध्ये नाही. माझ्या वहीत आहे. वही बघायला कुणी येत नाही, हे मला ठाऊक आहे, रुखरुख आहेच. पण उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी तसाच जाईन, हात हलवत. पद्धत चुकली असं माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकणार नाही, तूही नाही.

तुझ्यापुरती एक सूट देतो. आजोबांचं वय बघता, ओळख झाली की त्यांना विचारून मोबाइलवर बोलणं टेप करायला लाग. फक्त आवाज. तो पुढे कुठल्याही चित्राखाली लावता येतो. बावरलेला चेहरा कुठेच लावता येत नाही.

बाकीचं तुला येतं. शॉट लिस्ट सगळ्यात शेवटी लिही. परवानगीच्या कागदावर सुनेचीही सही घे, तीही फ्रेममध्ये येणार आहे. निघताना लारीचा नुसता आवाज अर्धा मिनिट टेप कर, एडिटिंगला हात जोडशील. आणि उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आसपास शूट ठेवू नकोस, गच्च्यांवरचे स्पीकर तुझ्या ट्रॅकमध्ये नाचतील.

शनिवारच्या कॅमेऱ्याचं भाडं भरलं असशील तर परत माग. नाहीच दिलं तर अर्धे मी देतो. रात्री वाटाणे भिजत घालताना आजोबा तुला घरी येऊ देतात का, तेवढं बघ. ये म्हणाले की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. प्रश्नांचा कागद इथेच विसरून गेला आहेस. तो मिळणार नाही.

तुझा,
काका