किडनीदात्याला शस्त्रक्रियेच्या तोंडावर डेंग्यू झाला, तर तो रुग्णालाही होतो का? शस्त्रक्रिया किती पुढे ढकलावी?

होऊ शकतो. डेंग्यूचा विषाणू ताप चढण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दात्याच्या रक्तात असतो, त्यामुळे त्या काळात काढलेल्या किडनीबरोबर तो रुग्णाच्या शरीरात जाऊ शकतो. आणि नवी किडनी टिकावी म्हणून तेथील प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते.

माझ्या पत्नीने तिच्या धाकट्या भावाला किडनी दिली. नागपूरची तारीख ठरलेली असताना कापसाच्या वेचणीवरून ती कणकण घेऊनच घरी आली आणि रात्री डोळ्यांच्या मागे ठणकू लागले. उन्हाळ्यापासून खिडकीत तसाच राहिलेला कूलर मी उघडला, तर तळच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी रुग्णालयात ताप कळवला, तेव्हा चुलत सासरे चारचौघांत म्हणाले, “जवाईबापू, ताप तं सबनलेच येते; किडनी न द्याचा बहाना कायले करता?” डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आली, शस्त्रक्रिया लांबली, आणि मेहुण्याचे वाढलेले डायलिसिस माझ्याच नावावर मांडले गेले.

‘सगळ्या तपासण्या आधीच नॉर्मल होत्या’ हा त्यांचा मुद्दा आजही कायम आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी नेहमीच्या यादीत असतात. डेंग्यूची तपासणी अनेकदा कोणी तापाचे सांगितले तरच होते. शिवाय आधीचा नमुना आजची हमी देत नाही. अमेरिकेत 2002 मध्ये एका मृत दात्याच्या अवयवांतून चौघांना वेस्ट नाईल हा, डेंग्यूसारखाच डासांमुळे पसरणारा विषाणू गेला आणि त्यांपैकी एक दगावला. दात्याला तो उपचारांत चढवलेल्या रक्तातून मिळाला होता, त्याआधीच्या नमुन्यात तो नव्हता. तेथे रक्तदात्यांची या विषाणूसाठी तपासणी 2003 पासून सुरू झाली. चुलत सासऱ्यांना हे मी दोनदा वाचून दाखवले आहे.

किती पुढे ढकलायचे, ते डॉक्टर दात्याची तपासणी आणि प्लेटलेट्स पाहून ठरवतील; ताप उतरण्याच्या सुमारासच प्लेटलेट्स सर्वांत खाली जातात, म्हणून ‘आता बरी आहे’ एवढ्यावर नातेवाइकांनी घाई करू नये. अर्थात अवयवातून डेंग्यू जाणे दुर्मीळ आहे आणि प्रत्यारोपणानंतर बहुतेकांना तो डासांमुळेच होतो, हेही खरे. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण दात्याचा ताप लपवा असा सल्ला देणारा नातेवाईक कितीही वडीलधारा असला, तरी त्याला डॉक्टरांसमोर बसवून तेच बोलायला सांगा.